भाच्याच्या फिटचा आणि डोरेमॉनचा काही संबंध नाही

परवा मावशीने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘जपानी कार्टूनमुळे मुलांना फिट येतात. 700 मुलं आजारी पडल्यावर जपानने पोकेमॉन बंद केलं आणि आपल्या गळ्यात मारलं.’ खाली शिनचॅनच्या मरणाची कहाणी. ताईचा सात वर्षांचा लेक फिटच्या गोळ्या घेतो. ती रात्रभर रडली. डोरेमॉन लावून मीच भरवायचे ना, म्हणाली.

पोकेमॉनची घटना खरी आहे, तेवढं मान्य. 16 डिसेंबर 1997 ला एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण 12 वेळा लखलखला. 685 जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णवाहिकेने हलवावं लागलं. पण मालिका बंद झाली नाही. चार महिने थांबून एप्रिल 1998 मध्ये पुन्हा सुरू झाली. तो भाग तेवढा कायमचा बाद झाला, जपानबाहेर टीव्हीवर गेलाच नाही. मग आपल्या पोरांनी तो पाहिला कधी? शिवाय 2001 मध्ये ‘सदर्न मेडिकल जर्नल’मध्ये बार्थोलोम्यू आणि रॅडफर्ड यांनी हे प्रकरण तपासलं. त्यांचा निष्कर्ष असा की प्रकाशाने खरोखर फिट आलेली मुलं तुलनेने थोडी. बाकीची साथ बातम्यांच्या धसक्याने पसरली. आता हा मेसेजही तोच धसका घरोघरी पोचवतोय.

भाच्याचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढला तेव्हा मी तिथेच होतो. डोक्याला वायरी चिकटवल्या, डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवला, आधी सावकाश, मग भराभर. पोरगं ताईचं बोट घट्ट धरून पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, प्रकाशाने याला काही होत नाही. मिरगी असलेल्या शंभरांत जेमतेम तिघांना तसा त्रास असतो.

शिनचॅन म्हणे खरा मुलगा, बहिणीला वाचवताना गेला. साफ थाप. चित्रकथा 1990 ला सुरू झाली तेव्हा त्याला बहीण नव्हतीच, ती गोष्टीत आली 1996 ला. तो उद्धट बोलतो हे मात्र खरं. मूळ चित्रकथा मोठ्यांच्या मासिकातली, आणि 2008 मध्ये आपल्या सरकारनेही ती मालिका बंद केली होती. पुढे काटछाट करून परत आली. लहानांना दाखवू नका, माझी हरकत नाही.

‘जपानी लोक स्वतःच्या मुलांना दाखवत नाहीत’ म्हणे. डोरेमॉनची आजची मालिका-परंपरा तिथे 1979 पासून चालू आहे.

ही कार्टून हिंदीत बघून मुलं हिंदी बोलायला लागतात, हेही खरं. बांगलादेशाने 2013 मध्ये याच कारणाने हिंदी डोरेमॉन थांबवलं. पण तो भाषेचा प्रश्न झाला, मेंदूचा नव्हे.

मावशी, तो मेसेज काढून टाक. आणि आज ताईला फोन कर.