जर-तरचा मे महिना

इथे अमेरिकेत कॉलेजच्या मुलींचा सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलच्या बहिणीसारखा खेळ, बघायला येणाऱ्यांत निम्म्या खेळाडूंच्या आयाच असतात. त्यामुळे शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, "तुमची कोणती?" खरं उत्तर द्यायचं तर आमची सिअ‍ॅटलला असते. तिने याच विद्यापीठातून पदवी घेतली, पण शिकत होती तोवर या मैदानाकडे एकदाही फिरकली नाही, आणि सॉफ्टबॉलमध्ये किती इनिंग असतात असं आज विचारलंत तरी फोन काढून शोधेल. शिकायला ती आली आणि नादाला मी लागले. ती शिकून गेली, नाद राहिला. हे सगळं इंग्रजीत समजावून सांगेपर्यंत दोन बॅटर बाद होतात, म्हणून हल्ली मी सरळ तिसऱ्या बेसवरच्या मुलीकडे बोट दाखवते. चांगली पावणेसहा फूट उंच आहे, सोनेरी केसांची आहे. अजून कुणी हटकलेलं नाही.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. मिडवेस्टमध्ये मक्याच्या शेतांच्या मधोमध आहे, एवढं पुरे. संघ मधला आहे. मधला म्हणजे काय, हे ज्याने भोगलं त्यालाच कळेल. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या चाहत्यांना ते कळणार नाही. त्यांचा संघ २०२१ ते २०२४ अशी ओळीने चार वर्षं राष्ट्रीय विजेता, आणि मधे तर त्यांनी लागोपाठ ७१ सामने जिंकले. त्यांना चिंता कसली, तर गाडी कुठे लावायची याची. तळाच्या संघाचे चाहतेही सुखी. एप्रिल उजाडला की त्यांचं सगळं आटोपलेलं असतं, ते बागेत टोमॅटो लावायला मोकळे. मधल्या संघाला मात्र शेवटच्या दिवसापर्यंत आशा असते, आणि आशेएवढा छळ दुसरा नाही.

सीझन सुरू होतो फेब्रुवारीत. त्या वेळी आमच्या मैदानावर गुडघाभर बर्फ असतो, त्यामुळे उत्तरेकडचे सगळे संघ दर शनिवार-रविवारी फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया असे उन्हाच्या शोधात फिरतात. तिथे दोन-तीन दिवसांत चार-पाच सामने उरकतात. यातले बरेच कुठे दिसत नाहीत. दिसलाच तर जाळीमागे टांगलेल्या एकुलत्या एक कॅमेऱ्यातून दिसतो, आणि कॅमेऱ्यासमोर नेमका अंपायरचा पार्श्वभाग. नाहीतर मग फोनवर आकडे बघत बसायचं. ‘बॉल. स्ट्राइक. बॉल.’ आणि पुढे दहा मिनिटं काहीच नाही. तिकडे पाऊस आला, कुणाला लागलं, की आकडे भरणारा पोरगा हॉट डॉग आणायला गेला, कळायला मार्ग नाही. मी पोळ्या लाटता लाटता कोपराने स्क्रीन खाली ओढून ताजी करते. आमच्या घरी फेब्रुवारीतल्या पोळ्यांना भूगोल असतो तो यामुळे.

मार्चच्या मध्यावर मुली घरी येतात, आणि मग बर्फ गेला तरी थंडी गेलेली नसते. अ‍ॅल्युमिनियमच्या बाकांवर दोन सतरंज्या घातल्या तरी थंडी खालून वर चढते. पण खेळ असा जवळून बघायला मिळतो, की उठवत नाही. मी अमरावतीची. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावात वाढलेल्या मुलीला मैदानाचं वावडं नसतं. शाळेत मी खो-खो खेळले आहे. तरी पहिल्यांदा पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणारीचा, हात गोल फिरून मांडीजवळून चेंडू सुटला, तेव्हा मी आपोआप मान खाली घातली होती. पिचर उभी असते ४३ फुटांवर. चेंडू चांगला १२ इंच घेराचा, झेंडूसारखा पिवळा. ताशी ७० मैलांनी आला तर बॅटरच्या हातात अर्धा सेकंदही नसतो. म्हणून तर पिचर आणि आतल्या फळीतल्या बऱ्याच मुली तोंडावर जाळी लावून खेळतात. आणि या सगळ्यात राखीव मुली डगआउटच्या कठड्याला लोंबकळून अखंड गात असतात. प्रत्येक बॅटरचं गाणं वेगळं, टाळ्या वेगळ्या. आमच्याकडे मंगळागौरीला रात्र जागवणाऱ्या बायकांनीसुद्धा तोंडात बोटं घालावीत असा दम.

कोच मधूनच ओरडते, "एक-चार-दोन!" की साऱ्याजणी मनगटावरच्या पट्टीत डोकं घालतात. त्या पट्टीवर बारीक अक्षरात कोष्टक असतं; कुठला आकडा म्हणजे कुठली चाल, ते त्यात बघायचं. परीक्षेत हे केलं असतं तर यांना विद्यापीठातून काढलं असतं.

नवरा हे सगळं लांबून बघतो. त्याचं दैवत क्रिकेट. सात इनिंगांत आटोपणाऱ्या आणि पाच इनिंगांनंतर आठ धावांची आघाडी झाली की दया येऊन थांबवल्या जाणाऱ्या खेळाला तो खेळ मानत नाही. पण तो हिशेबाचा माणूस आहे, आणि तिथेच तो अडकला. मागे एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी म्हटलं, "अहो, हे आरपीआय म्हणजे काय ते जरा बघा ना." त्या रात्री अडीच वाजता तो एक्सेल उघडून बसलेला सापडला.

तर हे आरपीआय, म्हणजे ‘रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स’, संघाचं वजन मोजणारा आकडा. मोसमाअखेरच्या स्पर्धेत देशभरातून ६४ संघ घेतात. प्रत्येक कॉन्फरन्सचा, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा, विजेता आपोआप आत. उरलेल्या जागा एक समिती वाटते, आणि समितीच्या हातातल्या कागदांत हा आकडा मानाचा. तो काढतात असा: तुम्ही किती जिंकलात याला वजन २५ टक्के. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात ते किती जिंकले, याला ५० टक्के. आणि ते ज्यांच्याशी खेळले ते किती जिंकले, याला उरलेले २५. म्हणजे पत्रिकेत आपले ग्रह पाव, आणि तीन हिस्से व्याह्यांचे आणि व्याह्यांच्या व्याह्यांचे. आमच्या मुलींनी मेहनत करकरून जो आकडा हलवायचा, त्याचा पाऊण भाग भलत्याच राज्यांत भलत्याच मुलींच्या हाती.

हे कळलं आणि माझी झोप गेली. तोवर मला फक्त एका संघाची काळजी होती. आता पन्नासेक संघांची लागली. फेब्रुवारीत फ्लोरिडात आम्ही ज्यांना हरवलं होतं, ते कॅरोलायनातलं एक कॉलेज एप्रिलमध्ये धडाधड हरायला लागलं. मी हवालदिल. ज्यांच्या गावाचं नाव मला धड उच्चारता येत नाही, त्यांच्यासाठी मी चतुर्थीला गणपतीला साकडं घातलं, की बाबा, आम्ही हरवलं ते हरवलं, आता बाकीच्यांनी तरी त्यांना हरवू नये. आम्हाला हरवून नाचलेल्या संघाचंही मी भलं चिंतू लागले. ते जितके मोठे होतील तितकी आमची हार प्रतिष्ठेची. अजातशत्रू म्हणतात ती अवस्था मला अध्यात्मातून यायला हवी होती, ती एक्सेलमधून आली.

वर्ल्ड कपच्या वेळी मराठी चॅनेलवर ‘जर-तरचं समीकरण’ चालतं ना, जर इंग्लंड हरलं, तर श्रीलंका जिंकलं, तर आपण? तसं आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज चालायचं. शिवाय वर जागाचोर. एखाद्या छोट्या कॉन्फरन्समध्ये वर्षभर पहिल्या राहिलेल्या बलाढ्य संघाला त्यांच्याच स्पर्धेत कुणीतरी लिंबूटिंबू हरवून जातो. मग त्या लिंबूटिंबूला विजेता म्हणून जागा मिळते, आणि बलाढ्य संघाला समिती वेगळी जागा देते. ती जागा कुणाची जाते? तर आमच्यासारख्या मधल्यांची. एरवी दुबळ्याने बलवानाला लोळवलं की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी बलवानांच्या बाजूने एवढी ओरडले, की नवऱ्याने खिडकी लावून घेतली.

आणखी एक अट आहे. कॉन्फरन्स जिंकली नसेल तर निदान निम्मे सामने तरी जिंकलेले हवेत, नाहीतर समिती तुमचं नावही घेत नाही. आम्ही निम्म्याच्या जरासे वर होतो. कॉन्फरन्सच्या स्पर्धेत एक हार म्हणजे बाहेर. पहिला सामना जिंकला. दुसऱ्यात सहाव्या इनिंगपर्यंत पुढे, सातव्यात आमच्या पिचरने चेंडू उंच ठेवला आणि समोरच्या मुलीने तो पार्किंगमध्ये ठेवला. संपलं. कोचने हात हलवले, मुली रडल्या, मीही रडून घेतलं. शेजारच्या बाईने माझा खांदा थोपटला, म्हणाली, तुमच्या मुलीने फार छान फील्डिंग केली. मी मान डोलावली. काय करणार!

पण नवऱ्याच्या एक्सेलमध्ये आम्ही अजून जिवंत होतो. निवड जाहीर व्हायची ती ११ मे २०२५च्या रविवारी संध्याकाळी, ईएसपीएन-टूवर. अमेरिकेतला मदर्स डे नेमका त्याच दिवशी. सोळा मानांकित संघ, प्रत्येकाच्या मैदानावर चार-चार संघांचा गट, एकेक गट हळूहळू उघडत जातो. मधे जाहिराती. दोन गट उरले होते आणि फोन वाजला. लेक. "हॅपी मदर्स डे, आई!" मी म्हटलं, "ठेव." पुढे माझ्या तोंडून आणखी काय गेलं ते मला आठवत नाही, पण तिला आठवतं, आणि ती ते सगळ्यांना सांगते.

आमचं नाव आलं नाही. एसईसी नावाच्या एका कॉन्फरन्सचे मात्र चौदा संघ आत. त्या कॉन्फरन्समध्ये सॉफ्टबॉल खेळणारी विद्यापीठंच पंधरा. नवरा म्हणाला, "पंधराव्याला फार वाईट वाटलं असेल." समाचार घ्यायला मला तोच मिळाला. मी त्याला त्या रात्री वरण-भातावर ठेवलं.

खरं तर तिथे थांबायला हवं होतं. पण रविवारची सवय जाता जात नाही, म्हणून ‘जरा बघू या’ म्हणत बसलो. गटातून दोनदा हरलेला बाहेर, आणि वेळापत्रकात शेवटी ‘गरज पडल्यास’ असा एक सामना. गरज पडतेच. अव्वल मानांकित टेक्सस ए अँड एम विद्यापीठ स्वतःच्या अंगणात लिबर्टी विद्यापीठाकडून हरून घरीच राहिलं. अव्वल संघ पहिल्याच फेरीत गारद होण्याची ही पहिलीच वेळ. लिबर्टी आमच्या वेळापत्रकात नव्हतं, म्हणून निव्वळ आनंदासाठी ओरडता आलं. किती महिन्यांनी!

मग ओक्लाहोमा सिटीतला शेवटचा आठवडा. आठ संघ. ओक्लाहोमाचा ओळीने पाचव्या विजेतेपदाचा रथ टेक्सस टेक विद्यापीठाने अडवला. टेकची पिचर नायजारी कॅनडी, जिच्याशी दहा लाख डॉलरहून मोठा करार झाल्याची देशभर चर्चा होती, ती जवळजवळ एकटीच सगळे सामने टाकत आलेली. अंतिम लढत टेक्सस विद्यापीठाशी (हे तिसरंच टेक्सस), तीनातले दोन जिंकायचे. पहिल्याच सामन्यात, टेक एका धावेने पुढे असताना, टेक्ससच्या रीस अ‍ॅटवूडला मुद्दाम चार चेंडू लांब टाकून बेसवर जाऊ द्यायचं ठरलं. चेंडू पुरेसा लांब गेला नाही. अ‍ॅटवूडने हात लांबवून तो टोलवला, दोन धावा आल्या, टेक्सस २-१ने जिंकलं. नवरा सोफ्यावरून उभाच राहिला. "अगं, सोडून द्यायचा चेंडू तिने मारला!" क्रिकेटमध्ये असं काही होत नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. मी तारीख लिहून ठेवली आहे. पुढचा सामना टेकने घेतला आणि तिसरा १०-४ने टेक्ससने. टेक्ससचं हे पहिलंच राष्ट्रीय विजेतेपद.

या धामधुमीत एक बातमी आली. सीझन संपला की दुसऱ्या विद्यापीठात जाण्याचं दार उघडतं, त्याला पोर्टल म्हणतात. आमची सातव्या इनिंगवाली पिचर त्या दारातून निघाली. मी दुःखाने चहा सोडला, नवऱ्याने लॅपटॉप उघडला. ती जिथे चालली आहे ते विद्यापीठ पुढच्या फेब्रुवारीत आमच्या वेळापत्रकात आहे, अ‍ॅरिझोनात, शनिवारी सकाळी. म्हणजे आता तिने तिकडे जाऊन झाडून सगळे सामने जिंकायला हवेत, एक आमचा सोडून. तसं झालं तर आमचा आकडा किती वर जाईल, ते नवऱ्याने काढूनही ठेवलंय.