गोळी आणि थेरपी : प्रतिक्रियेला उत्तर

दादा, भीतीच्या, चिंतेच्या आजारात गोळी आणि थेरपी दोन्ही घ्यावं का, यावर तुम्ही लिहिलंत, "बोलून बरं वाटत असेल तर गोळ्या कशाला? त्यांची सवय लागते. दोन्ही म्हणजे पेशंटला दोनदा लुटणं. अकरावीतल्या पुतणीच्या गोळ्या मी परवाच बंद केल्या, थेरपी पुरे." शेवटच्या वाक्यानं पोटात गोळा आला, म्हणून लगेच लिहितेय.

थेरपी म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. तेवढ्याला मैत्रीण आणि रंकाळ्याचा कठडा पुरतो. सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीत, ज्याची भीती त्याला पायरीपायरीनं सामोरं जायचं आणि धडधड ओसरेपर्यंत पळायचं नाही. माझी भीती कोल्हापूरच्या शिवाजी पुलाची, २०१९ च्या महापुरानंतरची. आधी पंचगंगा घाटावर बसायचं, मग पुलाच्या तोंडाशी उभं राहायचं, मग भावाबरोबर चालत पलीकडं, शेवटी एकटीनं बसमधून. मी दुसऱ्या पायरीलाच अडकले. तीनदा गेले, तिन्हीदा हातपाय गार पडून माघारी फिरले. फिरलं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्यानंच भीती आणखी घट्ट व्हायची. मग डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम ही चिंतेवरची रोज घ्यायची गोळी सुरू केली. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, बेचैनी उलट वाढली. महिन्याभरानं मात्र तिथं उभं राहण्याइतकी छाती शांत झाली. पुढच्या पायऱ्या मलाच चढाव्या लागल्या, त्या गोळीनं चढवल्या नाहीत.

सवयीची तुमची भीती अल्प्राझोलामसारख्या लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांबाबत खरी आहे. पुलावर जाण्याआधी ती घेतली असती तर मनानं एवढंच शिकलं असतं, की गोळी होती म्हणून वाचले.

सगळ्यांनाच दोन्ही लागतं असंही नाही. २००० साली पॅनिकच्या, म्हणजे अचानक भीतीचे झटके येणाऱ्या रुग्णांवरचा अभ्यास आला, त्यात उपचार थांबल्यावर सीबीटीला इमिप्रामिन या जुन्या गोळीची जोड दिलेले लोक जास्त घसरले. सौम्य त्रासात मीही आधी थेरपीच सांगेन. पण मुलांचं चित्र निराळं दिसतं. २००८ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात चिंतेचा आजार असलेली ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती. १२ आठवड्यांत दोन्ही उपचार मिळालेल्यांतली सुमारे ८१ टक्के सुधारली. नुसत्या सीबीटीनं ६०, नुसत्या सर्ट्रालिननं (एस्सिटालोप्रामच्याच जातीची गोळी) ५५, औषध नसलेल्या खोट्या गोळीनं २४.

तुमची पुतणी याच वयाची आहे. अशा गोळ्या एकदम तोडल्या की चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते, आणि घरचे म्हणतात, "बघा, आजार उलटला." बंद करायच्याच असतील तर डॉक्टर हळूहळू उतरवतात. आजच त्यांना फोन करा. ते भेटले नाहीत तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, फुकट आणि चोवीस तास. आणि तिला जवळ बसवून विचारा, या दोन दिवसांत कसं वाटलं.