‘सोलापुरात बसून’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ओपन वर्ल्ड गेममध्ये, म्हणजे खेळाडूला मोठ्या जगात हवं तिथे फिरता येतं, हवं ते करता येतं अशा गेममध्ये, खेळाडू कितीही क्रूर वागला तरी भोवतालची माणसं खऱ्यासारखी वागत नाहीत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पात्रं म्हणजे बाहुल्या, त्यांना कापलं काय नि लुटलं काय, खेळणाऱ्याला मजा आली म्हणजे झालं. आणि शेवटी, ‘सोलापुरात बसून गेम डिझाइनवर ज्ञान पाजळू नका.’

या शेवटच्या वाक्याची गरज काय होती? लेखातला कुठला मुद्दा त्याने खोडला गेला? पुण्यात किंवा बंगळुरात बसून तोच लेख लिहिला असता तर तो खरा ठरला असता का? गेल्या काही वर्षांत असली वाक्यं बरीच ऐकली, गिळलीही. आता नाही गिळणार.

माझे वडील यंत्रमागावर होते, आई बिड्या वळायची. तिच्याबरोबर मी तयार माल द्यायला कारखान्यात जायचो. बिड्या तपासणाऱ्याने एकदा एका बाईच्या मालातून छाट, म्हणजे नापास बिड्या, काढली आणि ती मूठभर बिड्यांची छाट तिच्या अंगावर फेकली. रांगेतली एकही बाई बोलली नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पण संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं होतं. त्याची बायको नळावर आली की बोलणं बंद व्हायचं. पुढे गड्ड्याच्या जत्रेत त्याची मुलगी माझ्या बहिणीचा हात धरायला आली, तर बहिणीने हात काढून घेतला. त्याला कुणी मारलं नाही आणि कुणी माफही केलं नाही. क्रूरपणावर माणसं कशी वागतात हे मी तिथे पाहिलंय, साहेब. त्यासाठी गेम कंपनीत नोकरी लागत नाही.

आता २०११ चा ‘स्कायरिम’ हा गेम घ्या. त्यातल्या रिव्हरवुड या गावात एक कोंबडी मारली तर अख्खं गाव हत्यारं घेऊन अंगावर येतं. तिथल्याच दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घाला आणि दुकान साफ करा, तो जागचा हलत नाही. आणि कुणाला मारून पकडले गेलात तरी पहारेकऱ्याला दंड भरला की मिटलं, पुन्हा सगळे ओळखीचे. माझा आक्षेप नेमका या कोऱ्या पाटीला आहे.

चोरी झालेला माणूस तिथे भाडोत्री गुंड पाठवतो, हे तुम्ही लिहिलंत. खरं आहे, मान्य. लेखात त्याला जागा नव्हती. पण गुंड मेले की ते प्रकरणही तिथेच संपतं.

‘पात्रं खरी वागली तर मजा जाईल’ म्हणता. २०१४ च्या ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’मध्ये जिवंत सुटलेला ऑर्क, म्हणजे शत्रूकडचा राक्षसी सैनिक, जखमांचे व्रण घेऊन परत येतो आणि मागची भेट तोंडावर काढतो. त्या गेमचं नाव लोकांनी काढलं ते यासाठीच. २०२५ च्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’च्या दुसऱ्या भागात गुन्ह्याला दंडाबरोबर खोडा आहे, फटके आहेत, डागणंही आहे. लोक ते आवडीने खेळतायत. मजा कुठे गेली?

‘आधी गेम बनवून दाखवा’ याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. भाकरी कडक झाली हे सांगायला चूल मांडावी लागत नाही.

एवढी लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत, पण त्या बादलीवाल्या दुकानदाराबद्दल एक अक्षर नाही. लेख उभा होता त्याच्यावर. पुन्हा लिहाल तेव्हा त्याच्यावर लिहा आणि माझं गाव मध्ये आणू नका. मग माझ्याकडून उत्तरही नीट मिळेल.