पोराला काँग्रेसमध्ये घाला

पोराला डॉक्टर करायचं की इंजिनियर, या घोळात अडकलेल्या अमेरिकेतल्या तमाम मराठी आई-बापांना हात जोडून विनंती: दोन्ही करू नका. त्याला काँग्रेसमध्ये घाला. (वॉशिंग्टनमधल्या, म्हणजे हाउस आणि सिनेट मिळून होणाऱ्या इथल्या संसदेत. तिकडच्या मंडळींनी दचकू नये.) वर्षाला १,७४,००० डॉलर पगार. २००९ पासून त्यात एक डॉलरची वाढ नाही, बिचारे. पण काम न केल्याबद्दल कापलाही जात नाही. अशी नोकरी आपल्याकडे पूर्वी फक्त जावयाला मिळायची.

हे मला आत्ताच का सुचलं, तर ८ नोव्हेंबर २०२५ च्या शनिवारी मी नेवार्क विमानतळावर बसलो होतो. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आई. आईच्या मांडीवर पिशवी, पिशवीत हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, खणाचं कापड आणि नारळ. डॅलसला रविवारी धाकट्या भावजयीचं डोहाळजेवण. तपासणीला बसलेल्या बाईंनी तो नारळ मशीनमधून दोनदा फिरवला, हातात घेऊन कानाशी हलवून बघितला आणि हसून परत दिला. बजेट मंजूर झालं नाही म्हणून १ ऑक्टोबरपासून सरकार बंद, त्यामुळे त्या बाईंना ऑक्टोबरअखेरीपासून पगार नव्हता. वर विमानं उतरवणाऱ्या कंट्रोलरना नव्हता. बिनपगारी माणसं दमून सुट्ट्या घेऊ लागली, म्हणून सरकारने आदल्याच दिवसापासून ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायला घेतली होती. त्या कमी केलेल्यांत आमचं एक. बोर्डावर आमच्या ओळीपुढे लाल अक्षरं आली तेव्हा आईने विचारलं, "लाल म्हणजे सुटलं का रे?"

असो. सल्ला.

आधी पोराला गणित नीट शिकवा. म्हणजे इथलं गणित. शंभर जणांच्या सभागृहात ५१ म्हणजे बहुमत, हे शाळेत शिकलेलं विसरायला लावा. सिनेटमध्ये बहुमत म्हणजे ६०. पूर्वी एखादं विधेयक अडवायचं तर निदान उभं राहून बोलत बसावं लागे. १९५७ साली स्ट्रॉम थर्मंड नावाचे गृहस्थ काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्काविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले. कारण हलकट होतं, पण पाय तरी दुखले असतील. आता तेवढाही त्रास नाही. ‘आमचा विरोध आहे’ एवढं कळवलं की ६० मतं लागू होतात आणि विरोध करणारा जेवायला मोकळा. २०२५ मध्ये आमच्या न्यू जर्सीचे सिनेटर कोरी बुकर यांनी २५ तास ५ मिनिटं बोलून थर्मंडचा विक्रम मोडला. त्यांनी अडवलं मात्र काहीच नव्हतं. म्हणजे अडवणारे बोलत नाहीत आणि बोलणारे अडवत नाहीत. श्रमविभागणी.

भाषणं फाडून टाकू देऊ नका. पक्षाचं नाव बदललं की तीच पुन्हा चालतात.

उदाहरणार्थ, २०१३ मध्ये रिपब्लिकनांनी ओबामाकेअरसाठी (म्हणजे ओबामांच्या आरोग्य विम्याच्या कायद्यापायी) सरकार १६ दिवस बंद पाडलं, तेव्हा डेमोक्रॅट म्हणायचे, आधी सरकार चालू करा, मग बोलू. २०२५ मध्ये ओबामाकेअरच्याच सवलतींसाठी डेमोक्रॅटांनी मतं रोखली आणि रिपब्लिकन म्हणू लागले, आधी सरकार चालू करा, मग बोलू. ६० मतांच्या नियमाचंही तेच. २०१३ मध्ये सिनेटमधले डेमोक्रॅटांचे नेते हॅरी रीड यांनी बहुतेक नेमणुकांपुरता तो मोडला, तर रिपब्लिकनांचे नेते मॅककॉनेल भयंकर संतापले. २०१७ मध्ये मॅककॉनेलनी सुप्रीम कोर्टासाठी मोडला, तर डेमोक्रॅट भयंकर संतापले. हेच मॅककॉनेल २०१६ मध्ये फेब्रुवारीपासून सांगत होते की निवडणुकीच्या वर्षात न्यायाधीश नेमायचा नसतो. २०२० मध्ये त्यांनी निवडणुकीला आठ दिवस राहिले असताना नेमून दाखवला. पोराला विसरण्याची कला आली पाहिजे. बदाम देऊ नका.

हाती कात्री आली तर मतदारसंघांच्या सीमा आपल्या पक्षाच्या सोयीने कापायला शिकू दे. टेक्सासने २०२५ मध्ये कापले, कॅलिफोर्नियाने उत्तरादाखल कापले.

आता बजेट. इथे जरा थांबतो.

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. १९७६ पासून हीच तारीख आहे. चंद्रावर अवलंबून नाही, तिथी बदलत नाही, अधिक महिना येत नाही. तरी तेव्हापासून खर्चाची सगळी विधेयकं वेळेत मंजूर झाली ती चार वेळा, त्यातली शेवटची १९९६ साली. तेव्हा जन्मलेली पोरं आता घराचे हप्ते भरतायत, आणि वेळेवर भरतायत. एरवी काय, तर लेखानुदान. ते संपलं की दुसरं लेखानुदान. तेही नाही जमलं की कुलूप. बरं, हे कुलूपही काही वॉशिंग्टन-जेफरसनच्या काळापासूनचं नाही. १९८० पर्यंत बजेट लांबलं तरी कचेऱ्या कशाबशा चालू राहायच्या. मग कार्टरच्या अॅटर्नी जनरलने जुन्या कायद्याचा अर्थ लावला की मंजुरी नसेल तर दारं बंद. तो बिचारा काटेकोर माणूस असावा. त्याला वाटलं असेल, कुलपाच्या भीतीने तरी ही मंडळी वेळेत काम करतील! यांनी त्या कुलपाचंच हत्यार केलं.

आमचे बाबा सातारा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. राइट बंधूंचं विमान बघायचं, ही त्यांची इथे आल्यापासूनची एकच मागणी. बाकी मॉल, कॉस्टको, नायगरा, सगळं आमच्या हौसेपायी. १९०३ चं ते खरं विमान वॉशिंग्टनच्या एअर अँड स्पेस संग्रहालयात आहे. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडचं हॉटेल घेतलं, मेट्रोपार्कहून रेल्वेची तिकिटं काढली, प्रवेशाचे पास रविवार १२ तारखेच्या सकाळचे मिळाले. १ तारखेला सरकार बंद पडलं, पण संग्रहालयांकडे जुने पैसे शिल्लक होते. शनिवार ११ पर्यंत चालू. आम्ही शनिवारी संध्याकाळी पोचलो.

रविवारी सकाळी काचेच्या दारावर कागद. बाबांनी चष्मा बदलला, कागदाशी नाक नेऊन तो पूर्ण वाचला, मग हातातल्या पासाचा प्रिंटआउट वाचला, मग परत कागद. लेखा विभागातला माणूस. दोन कागद जुळत नाहीत म्हटल्यावर त्यांना राहवेना. "पास रद्द केल्याचा शेरा कुठे आहे?" म्हणाले. शेरा नव्हता. आम्ही समोरच्या हिरवळीवर बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. गार वारा सुटला होता. डावीकडे कॅपिटॉलचा घुमट, फोटोत दिसतो तसाच, पांढरा शुभ्र.

"तिथे बसून तोडगा काढत असतील ना आत्ता?" बाबा.

"नाही बाबा. हाउसला सुट्टी आहे. १९ सप्टेंबरपासून."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. दशमीचा तुकडा मोडून हातात तसाच. मग म्हणाले, "आमच्याकडे ३१ मार्चला रात्री दोन-दोनपर्यंत दिवे चालू असायचे. अध्यक्ष एका पक्षाचा, सभापती दुसऱ्या पक्षाचा, एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. पण मार्च एंड म्हणजे मार्च एंड."

आता मला सांगा, याला मी काय उत्तर द्यायचं होतं? जगातला सगळ्यात श्रीमंत देश, आणि सातारच्या झेडपीला जमतं ते याला जमत नाही! हाउसचे स्पीकर माइक जॉन्सन म्हणत राहिले, आम्ही आमचं विधेयक पास केलंय, आमचं काम संपलं. संपलं? अॅरिझोनात २३ सप्टेंबरला पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या अडेलिता ग्रिहाल्वांना शपथ मिळाली १२ नोव्हेंबरला. सात आठवडे त्या बाई निवडून आलेल्या आणि मतदारसंघ बिनखासदाराचा, कारण शपथ द्यायला सभागृह भरत नव्हतं. तिकडे सिनेट एकच प्रस्ताव मांडत होतं आणि पाडत होतं. एकदा नाही, १४ वेळा. तेच विधेयक, तीच भाषणं, तीच बेरीज. पत्त्याच्या क्लबातही चौदाव्यांदा कोणीतरी पानं पिसा म्हणतं. आणि त्या दिवसांत चार कोटींच्या वर माणसांचं धान्याचं अनुदान १ नोव्हेंबरपासून अडकलं. कामगार खात्याची खिडकीच बंद, म्हणून माझ्या भाच्याचा एच-वन-बी व्हिसाचा पहिला कागद महिनाभर हलला नाही. त्याची नोकरी बदलायची तारीख गेली. माझा एक मित्र स्वतःचा छोटा धंदा करतो, त्याच्या आरोग्य विम्याचा जानेवारीपासूनचा हप्ता दुपटीच्या वर गेलाय, आणि ज्या सवलतीसाठी हे सगळं रामायण झालं ती शेवटी मिळालीच नाही. डिसेंबरमध्ये त्यावर मतदान घेऊ, एवढं आश्वासन. आश्वासन!

आणि तोडगा कधी निघाला? ९ नोव्हेंबरला. रविवारी रात्री. डॅलसमध्ये दुपारी झाकलेल्या वाट्या मांडल्या, पेढा की बर्फी, भावजयीने वाटी उचलली, पेढा निघाला, आणि आईने इकडे एडिसनमध्ये आमच्या घरी आयपॅडसमोर बसून कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. ओटीचं सामान सोफ्यावर पिशवीत. त्याच रात्री सिनेटमध्ये डेमोक्रॅटांच्या बाजूचे आठ जण पलीकडे दिसले आणि ६० भरले. बरोबर ६०. त्यातले तिघे आधीपासूनच तिकडे मत देत होते; नवे पाच जण १ ऑक्टोबरलाही त्याच इमारतीत होते. कोणी चंद्रावरून आणावे लागले नाहीत. नवीन असं त्यांना ४० दिवसांत काय कळलं? एवढंच की आता लोक विमानतळांवर अडकलेत आणि ते टीव्हीवर दिसतंय. धान्याच्या रांगेने जे हललं नाही ते बोर्डिंगच्या रांगेने हललं.

सल्ला राहिलाच. कर्जमर्यादेबद्दल पोराला थोडक्यात सांगा: वाण्याकडून माल घरी आणून खाऊन झाल्यावर, उधारी फेडायची की नाही यावर घरात मतदान घ्यायचं. २०११ मध्ये या खेळात देशाची पत एक पायरी उतरली. खेळ चालू आहे.

आणि पोरगं निवडून येणार का, याची काळजी तर अजिबात नको. एकदा बसलं की बसलं. हाउसमधले पुन्हा उभे राहणारे दहातले नऊ तरी पुन्हा येतातच. कारण त्यांना निवडून देणारे तुम्ही आहात.

हो, तुम्ही. मी तुमच्याबरोबर त्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे. सरकार बंद राहण्याचा ३५ दिवसांचा जुना विक्रम मोडला त्या दिवशी तिथे काय चाललं होतं, ते मी वाचलंय. अर्धे लिहीत होते, ‘अजिबात झुकू नका, होऊ दे अजून महिना.’ उरलेले अर्धे लिहीत होते, ‘बंद आहे ते बरंय, सरकारी नोकर नाहीतरी काय करतात?’ काय करतात? तुमचं विमान उतरवतात! आणि त्या आठ जणांनी मत दिल्यावर एकाने त्यांना गद्दार म्हटलं, त्याला एकोणतीस अंगठे. मी मोजले. तडजोड केली की गद्दार, अडवून धरलं की वाघ, मग वाघच येणार निवडून, दुसरं कोण येईल? आपल्या न्यू जर्सीत जूनमध्ये प्रायमरी असते, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, जिथे हे वाघ खरे निवडले जातात. त्या दिवशी आपल्यातले किती जण गेले होते? भारतातल्या प्रत्येक पोटनिवडणुकीचे आकडे तोंडपाठ, आणि स्वतःच्या खासदाराचं नाव विचारलं तर फोन काढता. मीही काढला होता, गेल्या वर्षी, लेकीच्या शाळेच्या गृहपाठासाठी. लाज वाटली, पण प्रायमरीला तरीही गेलो नाही. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती.

आई-बाबांचे सहा महिने संपले. १३ नोव्हेंबरला ते मुंबईच्या विमानात बसले; ओटीची पिशवी आम्ही डॅलसला कुरियर केली, नारळ काढून. संग्रहालय १४ तारखेला उघडलं. मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.

सरकारच्या बहुतेक खात्यांना मिळालेला पैसा ३० जानेवारी २०२६ पर्यंतचा. शुक्रवार आहे. बाळ जानेवारीच्या मध्यावर येईल म्हणतात, आणि बारसं डॅलसला, शनिवार ३१. विमानाची तिकिटं काढली होती, ती काल रद्द केली. गाडीने चाललोय. दोन दिवस लागतात.