नुसती चाकंच तर बदलायची!

डर्ट बाइकची, म्हणजे मातीत पळवायच्या बाइकची, सुपरमोटो, म्हणजे डांबरावरही शर्यतीत पळणारी बाइक, करायची म्हटलं की लोक चाकांबद्दलच बोलतात. पुढचं २१ इंची आणि मागचं १८ किंवा १९ इंची चाक काढायचं, दोन्हीकडे १७ इंची बसवायची, रस्त्याचे टायर चढवायचे, झालं. फोटोतही चाकंच दिसतात. ब्रेकची आठवण होते ती पहिल्या वळणावर, आणि तेव्हा फोटो काढायला कुणाचेच हात मोकळे नसतात.

माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे सगळ्या यांत्रिक प्रश्नांवर एकच उत्तर असतं, "बसतंय रे." त्याच्या मते जगातली कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूला बसते, आणि नाहीच बसली तर हातोडा कशासाठी असतो? माझ्या बाइकचं काम सुरू झाल्यावर तो गॅरेजमध्ये रोज हजर असे. गॅरेज त्याचं नव्हतं, बाइक त्याची नव्हती, त्यामुळे त्याचं मन अगदी निर्धास्त होतं.

खरं तर या प्रकाराचा जन्मच टीव्हीसाठी झाला. १९७९ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडच्या ट्रॅकवर, मातीवरचे आणि डांबरावरचे शर्यतपटू एकत्र आणून त्यांच्यातला सगळ्यांत तरबेज कोण ते ठरवायचं, अशी ती कल्पना होती. थोडा ट्रॅक डांबराचा, थोडा मातीचा. बघणाऱ्यांची मजा झाली. डांबर आणि माती यांच्यातला हा समेट निभावायची जबाबदारी मात्र ब्रेकवर आली.

मातीवर पुढचा ब्रेक कचकन दाबला तर चाक घसरतं, म्हणून डर्ट बाइकचा ब्रेक मुळातच सौम्य असतो. पुढची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, साधारण २४० ते २७० मिलिमीटरची. डांबरावर टायर घट्ट धरतो, तिथे ब्रेकला खरं काम पडतं. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. २१ इंची चाक टायरसकट जवळपास ६९० मिलिमीटर व्यासाचं, १७ इंची साधारण ६०० चं. म्हणजे जुनाच ब्रेक ठेवला तरी लहान चाकामुळे रस्त्यावरचा जोर पंधरा टक्क्यांनी वाढतो. फुकटात!

मित्राला एवढंच हवं होतं. "मग बदलतोयस कशाला? आहे तोच ठेव."

पण जोर कमी पडण्याची भीती नव्हतीच, भीती उष्णतेची होती. प्रत्येक वळणाआधी वेग मारायचा म्हणजे त्या वेगाची सगळी ऊर्जा एका पातळ तबकडीत ओतायची, आणि ती निवायच्या आत पुढचं वळण हजर. डिस्क तापते, तिला दाबून धरणाऱ्या पॅडची पकड सुटते, ऑइलला उकळी फुटते, लिव्हर मऊ लागायला लागतो. म्हणून सुपरमोटोला ३२० मिलिमीटरची भली थोरली डिस्क लावतात. ती हातात घेतली की दोन मिनिटं आपण फार मोठे शर्यतपटू आहोत असं वाटतं. मग ती बाइकवर धरून बघायची वेळ येते.

आधी २६० ची होती, आता ३२० ची. त्रिज्या ३० मिलिमीटरनी वाढली, तेव्हा कॅलिपरही, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडचा चिमटा लावणारा भाग, अॅक्सलपासून तेवढाच लांब सरकायला हवा. तो फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, पायाला बोल्टने आवळलेला. त्याला बाहेर काढायला एक ब्रॅकेट लागतं, दिसायला ॲल्युमिनियमचा चार भोकांचा साधा तुकडा. पण त्या तुकड्याला तुमचा फोर्क कोणता, कॅलिपर कोणता आणि डिस्क केवढी या तिन्हींची उत्तरं एकाच वेळी पाठ असावी लागतात. एखादं उत्तर बदललं तर तुकडा बिनकामाचा. त्यात नव्या चाकाच्या हबवर डिस्क डावीकडे-उजवीकडे नेमकी कुठे येते हा प्रश्न वेगळाच. मी पहिल्यांदा धरून पाहिली तेव्हा डिस्क कॅलिपरच्या तोंडात शिरायचं सोडून त्याच्या गालाला खेटून उभी होती.

"पातळ वॉशर टाकून सरकवू," मेकॅनिक म्हणाला. "पण दादा, आधी जाडी बघा."

जाडीचा विचार कुणी करतं का? मातीवरच्या डिस्क साधारण तीन मिलिमीटर जाड, डांबरावरच्या बऱ्याच वेळा साडेचार-पाच. जुन्या कॅलिपरमध्ये नवे पॅड घातले तर मध्ये एवढी फटच उरत नाही. मित्राने पॅड घासून पातळ करायचा उपाय सुचवला. नवीकोरी वस्तू लावण्याआधीच झिजवायची ही युक्ती मेकॅनिकने ऐकली आणि तो पान्हा पुसायला निघून गेला.

चार पिस्टनचा कॅलिपर आला. त्याच्याबरोबर लांब होज, म्हणजे ऑइलची नळी, आला. होजच्या टोकाला बॅन्जो बोल्ट, म्हणजे मधून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट. इथे माझा यंत्रशास्त्रावरचा विश्वास डळमळला. बोल्ट दहा मिलिमीटरचा, भोक दहा मिलिमीटरचं, आणि तरी दोघांची ओळख नाही. जपानी बनावटीच्या ब्रेकमध्ये दोन आट्यांमधलं अंतर बहुतेक १.२५ मिलिमीटर, इटालियन बनावटीच्या बऱ्याच ब्रेकमध्ये १.०. बोल्ट दोन आटे अगदी गोडीत आत जातो, आपण खूश होतो आणि मग तो अडतो. पुढे जोर लावला तर कॅलिपरच्या ॲल्युमिनियममध्ये नवेच आटे पडतात, कोणत्याही देशाचे नसलेले. मित्राचा हात हातोड्याकडे जाताना दिसला म्हणून मी त्याला बाहेर पाणी आणायला पाठवलं.

सगळ्यांत बेरकी भाग मात्र मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबला की ऑइल पुढे ढकलणारा. बाकीचे सुटे भाग निदान प्रामाणिक असतात, बसत नसतील तर बसत नाहीत. हा बावीस मिलिमीटरच्या कुठल्याही हँडलला दोन बोल्टांत लागतो आणि निष्पाप चेहऱ्याने बसून राहतो. त्याच्या पोटातला पिस्टन केवढा, यावर सगळा खेळ असतो. पिस्टन लहान असला तर जोर भरपूर मिळतो पण ऑइल थोडंच सरकतं; मोठा असला तर ऑइल खूप सरकतं पण दाबताना बोटांचा कस लागतो. डर्ट बाइकचा ११ मिलिमीटरचा सिलिंडर चार पिस्टनच्या कॅलिपरला जोडला तर ऑइल पुरत नाही. लिव्हर हँडलला टेकतो आणि बाइक आपल्या मर्जीने पुढे जात राहते. १६ मिलिमीटरचा घेतला तर क्षेत्रफळ दुपटीहून थोडं जास्त. तोच जर जुन्या दोन पिस्टनच्या कॅलिपरला लावला तर लिव्हर दगडासारखा, दाबून बोटं दुखतात आणि वेग ढिम्म हलत नाही. म्हणजे कॅलिपरच्या पिस्टनांचं एकूण क्षेत्रफळ काढायचं, सिलिंडरशी गुणोत्तर बघायचं आणि मग खरेदी करायची. मी गणित करून घेतला. मित्राने रंग बघून एक सुचवला होता. सोनेरी.

ब्रेक ऑइलच्या डब्यांवरचे आकडे कुणी लिहिले असतील त्याला एकदा भेटायचं आहे. डॉट ४ आणि डॉट ५.१ एकाच गोतावळ्यातले, एकमेकांत मिसळले तरी चालतात. मधला डॉट ५ मात्र सिलिकॉनचा, त्याला यांच्यात ओतायचं नाही. तीननंतर चार, चारनंतर पाच, पण पाचपेक्षा पाच पॉइंट एक चारच्या जवळचा! त्यात काही बाइकच्या हायड्रॉलिक क्लचला मिनरल ऑइल लागतं, आणि ते चुकून ब्रेकमध्ये गेलं की सगळे रबरी सील फुगून बसतात.

मग हवा काढणे. लिव्हर दाबा, धरा, कॅलिपरवरचं हवा सोडायचं निपल सैल करा, आवळा, सोडा. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून एखादा बुडबुडाही पुरतो, आणि तो हटकून नळीच्या सर्वांत उंच कोपऱ्यात दडून बसतो. "अजून एकदा, दादा," एवढं एकच वाक्य मेकॅनिक इतक्या वेळा बोलला की शेवटी मी झोपेतही हात दाबून धरायला लागलो. मित्राने या कामात मदत केली नाही. त्याने उभं राहून देखरेख केली.

अखेर ब्रेक लागला. दोन बोटांत. पॅड नव्या डिस्कवर मुरावेत म्हणून आधी सावकाश, मग जरा जोरात असे काही थांबे घेतले. मग एकदा मनासारखा दाबला. मातीतल्या खड्ड्यांसाठी बनवलेला लांबलचक फोर्क एका झटक्यात खाली गेला, मागचं चाक हवेत आलं आणि माझी हनुवटी थेट मीटरसमोर.

परत येऊन मी हे सांगायला तोंड उघडलं, तर मेकॅनिकने फोर्कच्या जाड स्प्रिंगांचा कॅटलॉग आधीच उघडून ठेवला होता.