शववाहिका समजून हाकललेली पुस्तकांची गाडी

गावाकडच्या वाचनालयांवरचा वाद दर काही महिन्यांनी पेटतो. एक बाजू म्हणते, निम्मी वाचनालयं कागदावरच आहेत, अनुदान बंद करा. दुसरी म्हणते, एवढ्या पैशात तुम्हीच चालवून दाखवा. मग कुणीतरी आम्हा अमेरिकेतल्यांकडे बोट दाखवतं: 'तिकडे बघा, खेड्यातसुद्धा काय लायब्ररी असते!' असते, खरं आहे. पण कौतुक होतं ते इमारतीचं, एसीचं आणि संगणकांचं.

मी राहते त्या मेरीलँड राज्याच्या डोंगराळ पश्चिम भागात वॉशिंग्टन काउंटी आहे. आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. राजधानीशी संबंध नावापुरताच. तिच्या मुख्य गावात, हेगर्सटाउनला, १९०१ मध्ये काउंटीचं मोफत ग्रंथालय उघडलं. पहिल्या ग्रंथपाल मेरी टिटकॉम्ब. शेतकरी स्वतः गावात येऊन पुस्तक नेईल, या भरवशावर बाई बसल्या नाहीत. पुस्तकांच्या पेट्या भरून त्यांनी त्या खेड्यातल्या दुकानांत, पोस्टात ठेवायला सुरुवात केली. काही वर्षांत अशी ६६ ठिकाणं झाली. तरी आडरानातली घरं सुटतच होती. म्हणून १९०५ मध्ये त्यांनी घोडागाडी बांधून घेतली. बाहेरच्या अंगाला पुस्तकांच्या फळ्या, आत पेट्यांना जागा. हाकायला ग्रंथालयाची झाडलोट-देखभाल बघणारे जोशुआ थॉमस.

गाडी काळ्या रंगाची होती. एका शेतकऱ्याला ती मढं न्यायला आलेली गाडी वाटली आणि त्याने लांबूनच ओरडून सांगितलं, इथे थांबू नका, आमच्याकडे काही काम नाही तुमचं! मग चाकांना आणि दारांना लाल रंग फासला गेला. थॉमसना बाईंची ताकीद होती की कुठल्याही दारात घाई करायची नाही, घरातल्यांना निवांत निवडू द्यायचं. मला या सगळ्या इतिहासातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. १९१० मध्ये रेल्वे फाटकावर मालगाडीच्या धडकेत गाडीचे तुकडे झाले. १९१२ मध्ये मोटार आली.

हे काही फक्त गोऱ्यांनाच सुचलं असं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला. त्या सयाजीरावांनी अमेरिका पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालालाच बडोद्याला आणलं. संस्थानातल्या खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. त्याही आधी, १८२८ मध्ये, रत्नागिरीत नगर वाचनालय सुरू झालं होतं, म्हणजे हेगर्सटाउनच्या ७३ वर्षं आधी. तेव्हा 'आपल्याकडे वाचनसंस्कृतीच नाही' हे रडगाणं मला पटत नाही.

फरक पगारात आहे. महाराष्ट्रात सगळ्यात खालच्या, म्हणजे 'ड' वर्गातल्या वाचनालयाला २०२२ मधल्या ६० टक्के वाढीनंतर वर्षाला ४८ हजार रुपये सरकारी अनुदान मिळू लागलं. त्यातले निम्मे कर्मचाऱ्यासाठी, म्हणजे महिन्याला दोन हजार. एवढ्यात कोण आडरानातल्या घरी जाणार आणि कोण निवांत थांबणार? संध्याकाळी दोन तास कुलूप उघडतं, वर्तमानपत्रं चाळली जातात, झालं. याला कामचुकारपणा म्हणणाऱ्यांनी आधी दोन हजारांत महिना काढून दाखवावा. बोगस वाचनालयं आहेतच. २०१२ मध्ये सरकारने वाचनालयांची पडताळणी केली ती त्यासाठीच. पण तिच्यानंतर नवी मान्यता वर्षानुवर्षं अडकून पडली, आणि त्याची झळ बोगसवाल्यांना नव्हे, खरोखर वाचनालय काढू पाहणाऱ्यांना बसली.

इकडे ग्रंथालयाला काउंटी आपल्या तिजोरीतून पैसे देते, वर राज्य दरडोई हिशेबाने मदत करतं. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय उपकर, म्हणजे घरपट्टीवर ग्रंथालयासाठी घेतलेला जादा कर, नाही. मद्रासने तो १९४८ मध्येच लावला. उपकर असावा, अशा मताची मी आहे. स्वतःच्या घरपट्टीतले पन्नास रुपये तिकडे गेले की गावातला माणूस वाचनालयाचं दार बंद का म्हणून विचारायला जाईल. मुंबईहून येणाऱ्या अनुदानाचा हिशेब तो विचारत नाही. अर्थात वसूल केलेला उपकर महापालिका ग्रंथालय खात्याकडे देत नाही, अशा बातम्या बंगळुरूहून येत असतात. इकडेही सगळं आलबेल नाही. ग्रंथालयांना पैसा देणारी केंद्रीय संस्थाच जवळजवळ मोडीत काढण्याचा आदेश मार्च २०२५ मध्ये निघाला. कोणती पुस्तकं मुलांच्या हाती पडू नयेत यावरून सभांमध्ये खडाजंगी चालू आहे ती वेगळीच.

म्हणून इमारतींचे फोटो पाठवायचं मी आता बंद केलं आहे. तालुक्यात एक फिरती गाडी आणि पूर्ण पगाराचा एक माणूस, एवढंच दोन-चार तालुक्यांत पाच वर्षं करून बघा. पहिल्या वर्षी देवघेवीचे आकडे मागू नका.