खोडायला सुटी ओळ तर हवी

मे महिन्यात नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीची सभा पार्किंगमध्ये भरली होती. मी खजिनदार. पाच हजारांवरचा कुठलाही खर्च खजिनदाराच्या सहीशिवाय होणार नाही, हा नियम दोन वर्षांपूर्वी मीच आग्रहानं करून घेतला होता. त्या दिवशी पुढ्यात आलेल्या कागदावर एकच ओळ होती: ‘गच्ची वॉटरप्रूफिंग, गेट रंगकाम व सुशोभीकरण, १,८५,०००.’ वरच्या मजल्यावरच्या आजींच्या देव्हाऱ्यावर गेल्या पावसाळ्यात पाणी ठिबकत होतं, तिथं पातेलं मी स्वतः ठेवलेलं. सुशोभीकरणाला नाही म्हणावं तर गच्चीही अडते. सही केली. जिना चढताना मन खात होतं.

खर्च खोडण्याचा अधिकार मिळाला की उधळपट्टी थांबते, असं मला मनापासून वाटायचं. आता वाटत नाही.

अमेरिकेत बहुतेक राज्यांच्या गव्हर्नरांना अर्थसंकल्पातली एखादीच बाब खोडून बाकीचं विधेयक मंजूर करता येतं. मग तिथले आमदार काय करतात? गव्हर्नरला नको असलेलं काम त्याला हव्या असलेल्या कामाबरोबर एकाच रकमेत बांधतात. आमची गच्ची आणि आमचं गेट! विस्कॉन्सिनमध्ये तर १९३० पासून वाक्यातले शब्दसुद्धा खोडता येतात. २०२३ मध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी शाळांना किती निधी उभारता येईल त्या मर्यादेतली वाढ ‘२०२३-२४ आणि २०२४-२५’ या दोनच वर्षांपुरती आहे असं पाहिलं आणि मधले काही शब्द, काही आकडे आणि एक आडवी रेघ खोडली. मुदत गेली सन २४२५ पर्यंत. दोन वर्षांची चारशे वर्षं झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध ३ मतांनी ते ग्राह्यही धरलं. हेतू शाळांच्या भल्याचा असेल, पण लोकप्रतिनिधींनी न लिहिलेलं वाक्य कायदा व्हावं हे मला पटत नाही.

तिथल्या विधिमंडळानंही वाट काढलीच. शब्द खोडता येतात ते फक्त खर्चाच्या विधेयकातले. म्हणून वाचनशिक्षणाच्या योजनेचा कायदा एका विधेयकात आणि तिचे ५ कोटी डॉलर वेगळे, आमदारांच्याच वित्त समितीकडे ठेवलेले. एव्हर्स यांनी त्यातही खोडाखोड केली. जून २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं ती एकमतानं बेकायदा ठरवली.

आपल्याकडे राज्यपालांना अशी एखादी बाब खोडता येत नाही. तिजोरीतून खर्चाला परवानगी देणारं विनियोजन विधेयक हे धन विधेयक, ते त्यांना परतही पाठवता येत नाही. ओढाताण दिसते ती महापालिकेत. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती आणि महासभा त्यात भर घालतात, आणि राज्य सरकार महापालिका कायद्याच्या कलम ४५१ खाली ठराव रोखू शकतं. २०१८ मध्ये तुकाराम मुंढे नाशिकचे आयुक्त असताना नगरसेवकांच्या कामांना गरज, व्यवहार्यता आणि निधी ही त्रिसूत्री लागली. प्रकरण अविश्वास ठरावापर्यंत गेलं, नोव्हेंबरमध्ये त्यांची बदली झाली. तेव्हा मी चहाच्या टपरीवर त्यांच्या बाजूनं तावातावानं बोलायचो. ती त्रिसूत्री आजही मला योग्य वाटते. पण ती एका माणसाच्या हाती का असावी? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्या काळात खर्च सुचवणारे तेच, मंजूर करणारे तेच. ‘हे कशाला?’ असं सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी उरलं नाही. नगरसेवकांवर माझा कितीही राग असला तरी ती रिकामी खुर्ची मला जास्त सलली.

म्हणून माझा आग्रह आता सहीसाठी नाही, ओळीसाठी आहे. एक काम, एक ओळ, एक रक्कम. ‘विविध विकासकामे’ असं लिहिलं की आयुक्तालाही काही खोडता येत नाही आणि मतदारालाही काही विचारता येत नाही.

सोसायटीत हा ठराव मी पुढच्या सभेत मांडतोय. आणि रोज रात्री जेवणानंतर महापालिकेच्या अंदाजपत्रकात ‘विविध’ आणि ‘इतर’ हे शब्द किती वेळा येतात ते वहीत टिपतोय. नाशिककरांनो, आपापल्या प्रभागाची पानं तुम्हीही उघडा. सापडलेल्या ओळी रकमेसकट खाली लिहा, मी एकत्र करतो.